मधुमेहात स्वादुपिंडाची संप्रेरके चेतनेला कसा प्रतिसाद देतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी-पेप्टाइडचा (इन्सुलिनबरोबर स्वादुपिंडातून बाहेर पडणाऱ्या रेणूचा) अहवाल हातात पडला की बहुतेकांची नजर आधी आकड्याकडे आणि मग शेजारी छापलेल्या ‘सामान्य मर्यादे’कडे जाते. स्वादुपिंडाच्या संप्रेरकांच्या बाबतीत ही सवय दिशाभूल करणारी आहे, कारण ही संप्रेरके सतत कशाला तरी उत्तर देत असतात. प्रश्न कोणता होता हे ठाऊक नसेल, तर उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. पुढील प्रश्नोत्तरे याच अंगाने लिहिली आहेत. ती माहितीसाठी आहेत. त्यांच्या आधारे कोणीही स्वतःचे इन्सुलिन किंवा गोळ्या परस्पर बदलू नयेत.

‘चेतना’ म्हणजे नेमके काय? उपाशीपोटी रक्त तपासून का भागत नाही?

स्वादुपिंडाला संप्रेरक सोडायला भाग पाडणारी कोणतीही गोष्ट म्हणजे चेतना. ती जेवण असेल, पाण्यात विरघळवलेले ७५ ग्रॅम ग्लुकोज असेल, शिरेतून दिलेले ग्लुकोज, आर्जिनीन हे अमिनो आम्ल किंवा ग्लुकागॉनचे (यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन असेल. उपाशी अवस्थेत स्वादुपिंडावर फारसा भार नसतो, त्यामुळे निम्मी क्षमता गमावलेले स्वादुपिंडही त्या वेळी पुरेसे वाटू शकते. बैलाची ताकद तो गोठ्यात बसलेला असताना कळत नाही, गाडीला जुंपल्यावर कळते. चेतना चाचणीमागचा विचारही हाच आहे.

स्वादुपिंडातून कोणकोणती संप्रेरके निघतात?

१८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके पाहिले. आज त्यांना लँगरहान्सची द्वीपके म्हणतात. त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास भरते, मात्र स्वादुपिंडाच्या एकूण वजनात त्यांचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के असतो. बीटा पेशींतून इन्सुलिन निघते आणि त्याच्याबरोबर सी-पेप्टाइड व अमायलिनही बाहेर पडतात. अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि चौथ्या प्रकारच्या पेशी पॅन्क्रिॲटिक पॉलिपेप्टाइड नावाचे संप्रेरक सोडतात. या शेवटच्या संप्रेरकाचे इंग्रजी लघुरूपही ‘पीपी’ असेच आहे आणि आपल्याकडे जेवणानंतरच्या साखरेलाही ‘पीपी’ म्हणतात. म्हणून अहवाल वाचताना कोणत्या पीपीबद्दल बोलणे चालले आहे, हे एकदा पाहून घ्यावे.

निरोगी माणसात जेवणानंतर काय घडते?

ग्लुकोज बीटा पेशीत शिरले की ग्लुकोकायनेज हे विकर त्यावर प्रक्रिया सुरू करते आणि त्यातून पेशीतील ऊर्जा वाढते. ऊर्जा वाढल्यामुळे पोटॅशियमची विशिष्ट दारे बंद होतात, पेशीच्या आवरणावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनने भरलेल्या कुप्या पेशीच्या कडेशी येऊन रिकाम्या होतात. शिरेतून ग्लुकोज दिले तर या प्रतिसादाचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्या दहा मिनिटांत एक उंच, टोकदार लाट येते. नंतर साखर वाढलेली असेपर्यंत दुसरा, संथ टप्पा चालू राहतो. पहिली लाट उंच असली तरी थोडाच वेळ टिकते आणि तिच्यातले एकूण इन्सुलिन कमी असते. तरीही यकृताला ‘आता साखर बनवणे थांबव’ असा निरोप वेळेवर देण्याचे काम तिच्याकडे असते, म्हणून तिचे महत्त्व त्या प्रमाणापेक्षा बरेच मोठे आहे.

शिवाय, तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिले तर इन्सुलिन कितीतरी जास्त निघते. १९६४ च्या सुमारास हे प्रयोगांनी स्पष्ट झाले. अन्न आतड्यात पोहोचताच तेथून जीआयपी आणि जीएलपी-१ ही संप्रेरके निघतात आणि साखर वाढायला लागताच बीटा पेशीचा प्रतिसाद वाढवतात. याला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात.

टाइप २ मधुमेहात हा प्रतिसाद कसा बदलतो?

सर्वांत आधी पहिली लाट जाते. उपाशीपोटीची साखर डेसिलिटरमागे साधारण ११५ मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या व्यक्तींमध्ये शिरेतील ग्लुकोजला मिळणारा पहिला प्रतिसाद जवळपास नाहीसा झालेला असतो. म्हणजे मधुमेहाचे निदान होण्याच्या आधीच, १२६ ची रेषा ओलांडण्यापूर्वी, हा बिघाड झालेला असतो. त्याच व्यक्तीला आर्जिनीन दिले तर मात्र इन्सुलिन निघते. पेशी मेलेल्या नसतात आणि इन्सुलिनचा साठाही पूर्ण संपलेला नसतो. ग्लुकोजचा निरोप ऐकण्याची त्यांची क्षमता बोथट झालेली असते.

दुसरा टप्पा उशिरा येतो आणि लांबतो. अनेक रुग्णांत जेवणानंतर दोन तासांनी इन्सुलिनचा आकडा निरोगी माणसापेक्षा जास्त दिसतो आणि ‘माझे इन्सुलिन तर भरपूर आहे’ असा समज होतो. हे इन्सुलिन उशिरा आलेले असते आणि त्या वेळच्या साखरेच्या मानाने अपुरे असते. इन्क्रेटिन परिणामही टाइप २ मध्ये क्षीण होतो.

यूकेपीडीएस या ब्रिटिश अभ्यासातील गणितानुसार निदानाच्या वेळीच बीटा पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्म्यावर आलेली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शवविच्छेदनावर आधारित एका अभ्यासात, टाइप २ मधुमेह असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये बीटा पेशींचे आकारमान मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले आणि सडपातळ व्यक्तींमध्ये ते ४१ टक्क्यांनी कमी होते.

टाइप १ मध्ये प्रतिसाद शून्य असतो का?

टाइप १ मध्ये बीटा पेशी नष्ट होत जातात, पण प्रतिसाद नेहमीच शून्य नसतो, आणि लगेच तर नाहीच. निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की पुष्कळदा काही महिने स्वतःचे इन्सुलिन थोडे सावरते. याला डॉक्टर ‘हनिमून’ म्हणतात. या काळात इन्सुलिनची गरज घटते आणि घरचे लोक ‘औषधाची गरजच नव्हती’ अशा निष्कर्षाला येतात. तो निष्कर्ष धोक्याचा आहे. पुढे उतार सुरूच राहतो. लहान मुलांत तो वेगाने होतो आणि प्रौढ वयात आजार सुरू झालेल्यांत संथपणे होतो. तरीही टाइप १ होऊन पन्नास वर्षे उलटलेल्या काही व्यक्तींच्या रक्तात आज किंचित सी-पेप्टाइड सापडते.

ते किंचितही कामाचे असते. १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या अमेरिकी अभ्यासात, ज्यांचे चेतनेनंतरचे सी-पेप्टाइड लिटरमागे २०० पिकोमोल किंवा अधिक टिकून होते, त्यांना साखर खूप घसरण्याचा आणि डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा त्रास कमी झाला.

मग इन्सुलिनच का मोजत नाहीत? सी-पेप्टाइड कशासाठी?

१९६७ मध्ये डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवून दिले की बीटा पेशीत आधी प्रोइन्सुलिन हा लांब रेणू तयार होतो. तो तुटला की इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड समसमान संख्येने मिळतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते, त्यामुळे रुग्ण इन्सुलिन घेत असला तरी त्याच्या स्वतःच्या निर्मितीचा हिशेब सी-पेप्टाइडवरून लागतो. दुसरे कारण यकृताचे आहे. स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनपैकी जवळपास निम्मे यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते, सी-पेप्टाइडला मात्र ते फारसा हात लावत नाही. रक्तातील इन्सुलिनचे अर्धायुष्य पाचेक मिनिटांचे असते, सी-पेप्टाइडचे अर्ध्या तासाच्या आसपास, म्हणून सी-पेप्टाइडचे मोजमाप अधिक स्थिर येते.

टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसल्यामुळे वैद्यकीय शोधकार्यातही त्याचा उपयोग होतो. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरलेल्या व्यक्तीच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य आढळले, तर ते इन्सुलिन बाहेरून आलेले असते.

चेतना चाचणी प्रत्यक्षात कशी करतात?

संशोधनात सर्वाधिक मान्यता मिश्र आहार चाचणीला आहे. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असलेले ठरावीक द्रवरूप अन्न देतात. त्याचे प्रमाण किलोमागे ६ मिलिलिटर, आणि वजन कितीही असले तरी कमाल ३६० मिलिलिटर. त्यानंतर दोन तास ठरावीक अंतराने रक्त घेतात. ९० मिनिटांच्या एका नमुन्यावरूनही बऱ्यापैकी अंदाज येतो.

ग्लुकागॉन चाचणी आटोपशीर आहे. शिरेतून १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन देतात आणि आधी व सहा मिनिटांनी सी-पेप्टाइड मोजतात. मळमळ हा तिचा ठरलेला त्रास आहे. आर्जिनीन चाचणी आणि ग्लुकोज ‘क्लॅम्प’ (रक्तातील साखर ठरावीक पातळीवर धरून ठेवून केलेली चाचणी) या मुख्यतः संशोधन केंद्रांपुरत्या मर्यादित आहेत.

रोजच्या व्यवहारात एवढा खटाटोप क्वचितच लागतो. जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेला सी-पेप्टाइडचा एक नमुना आणि त्याच वेळची साखर एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात, कारण नेहमीचे जेवण हीसुद्धा एक चेतनाच आहे. लहान मुलांसाठी जेवणानंतरच्या लघवीतील सी-पेप्टाइड आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर हा सुई न टोचण्याचा पर्याय आहे.

माझे सी-पेप्टाइड १.५ आले आहे. हे चांगले की वाईट?

या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही, आणि हे उत्तर टाळाटाळ म्हणून दिलेले नाही. दोन व्यक्ती कल्पून पाहा. दोघांचेही सी-पेप्टाइड मिलिलिटरमागे १.५ नॅनोग्रॅम आहे आणि प्रयोगशाळेने दोन्ही अहवालांवर ‘सामान्य’ असे छापले आहे. पहिलीची त्या क्षणीची साखर ८८ होती. तिच्या स्वादुपिंडापुढे मोठे काम नव्हते आणि त्याने बेताचे इन्सुलिन सोडले, यात वावगे काही नाही. दुसऱ्याची साखर त्या क्षणी २९० होती. एवढी साखर समोर असताना निरोगी बीटा पेशींनी याच्या कितीतरी पट इन्सुलिन सोडले असते. त्याचे १.५ म्हणजे इन्सुलिनच्या तुटवड्याची खूण आहे. आकडा तोच आणि अर्थ उलट.

म्हणून ज्या अहवालात सी-पेप्टाइडसोबत त्याच नमुन्यातील साखर नाही, तो अहवाल अर्धाच आहे असे आम्ही मानतो.

टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखण्यासाठी काही रेषा आहेत का?

प्रौढांमधील टाइप १ बद्दल अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये एकत्रित मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार इन्सुलिनवर असलेल्या रुग्णात निदानाला तीन वर्षे उलटल्यावर सी-पेप्टाइड लिटरमागे २०० पिकोमोलपेक्षा कमी असेल तर टाइप १ चा निष्कर्ष बळकट होतो. ६०० पेक्षा जास्त असेल तर टाइप २ ची शक्यता बरीच वाढते. मधला पट्टा संदिग्ध आहे आणि तेथे काही काळाने पुन्हा तपासावे लागते. आपल्या प्रयोगशाळा बहुधा नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात. त्या मापात या रेषा अनुक्रमे ०.६ आणि १.८ च्या आसपास येतात. एककाकडे न पाहता आकडे जुळवल्यामुळे होणारे घोटाळे विरळ नाहीत.

चाचणी कधी करू नये?

साखर अनेक आठवडे फार चढलेली असेल तर बीटा पेशी तात्पुरत्या बधिर होतात आणि सी-पेप्टाइड प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी दिसते. याला ग्लुकोजची विषारकता म्हणतात. कीटोॲसिडोसिससारख्या (इन्सुलिनच्या तीव्र तुटवड्यामुळे रक्त आम्लधर्मी होण्यासारख्या) संकटानंतर दोन आठवड्यांच्या आत ही चाचणी टाळावी. उलट बाजूने, साखर ७० च्या खाली असताना स्वादुपिंड गप्प बसणेच योग्य असते, त्यामुळे त्या वेळच्या कमी आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मूत्रपिंडे निकामी होत असतील तर सी-पेप्टाइड शरीरात साचते आणि आकडा फुगतो. सकाळचे इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की थांबवायची, हे चाचणी सांगणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यावे.

ग्लुकागॉनचे काय? मधुमेह हा फक्त इन्सुलिनचा आजार नाही का?

केवळ इन्सुलिनचा नाही. ग्लुकागॉन यकृताला साखर सोडायला लावते. निरोगी माणसात भात-पोळी खाल्ल्यावर ते खाली येते. १९७० मध्ये रॉजर उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मधुमेहात कर्बोदके खाल्ल्यावर ते खाली येत नाही, काही वेळा वाढतेही. इन्सुलिन कमी आणि ग्लुकागॉन अवाजवी, असा दुहेरी बिघाड त्यांनी पुढे मांडला.

यातील एक बारकावा लक्षवेधी आहे. टाइप २ च्या रुग्णांना तोंडावाटे ग्लुकोज दिले तर ग्लुकागॉन दबत नाही, पण रक्तातील साखर तेवढीच वाढेल अशा बेताने शिरेतून ग्लुकोज दिले तर ते व्यवस्थित दबते. म्हणजे दोष सगळा अल्फा पेशीतच आहे असे म्हणता येत नाही. आतड्याकडून येणाऱ्या संदेशांचाही त्यात हात आहे.

टाइप १ असलेल्या माझ्या मुलाची साखर मासे किंवा पनीर भरपूर खाल्ल्यावरही उशिरा वाढते. असे का?

अमिनो आम्ले इन्सुलिन आणि ग्लुकागॉन या दोहोंना चेतवतात. यामागे निसर्गाची सोय आहे. कर्बोदके नसलेल्या जेवणानंतर केवळ इन्सुलिन वाढले असते तर साखर घसरली असती, म्हणून ग्लुकागॉन सोबत वाढून तोल राखते. टाइप १ मध्ये इन्सुलिनचे पारडे रिकामे असते आणि ग्लुकागॉनचे मात्र वाढते, त्यामुळे यकृतातून साखर येत राहते. परिणाम काही तासांनी दिसतो. अशा जेवणासाठी इन्सुलिनची मात्रा आणि वेळ कशी ठरवावी, हे मुलाच्या नोंदी दाखवून डॉक्टरांशी बोलावे.

अल्फा पेशी शाबूत असतात, तर टाइप १ मध्ये साखर घसरल्यावर ग्लुकागॉन का वाढत नाही?

या विषयातील हा सर्वांत चमत्कारिक भाग आहे. टाइप १ सुरू झाल्यावर काही वर्षांतच साखर घसरण्याला मिळणारा ग्लुकागॉनचा प्रतिसाद नाहीसा होतो, हे १९७३ पासून माहीत आहे. पण त्याच व्यक्तीला आर्जिनीन दिले तर ग्लुकागॉन झपाट्याने वाढते. एका चेतनेला पेशी मुक्या आणि दुसरीला बोलक्या असतात. याचे एक मान्य स्पष्टीकरण असे की शेजारच्या बीटा पेशींमधून येणारे इन्सुलिन अचानक थांबणे हाच अल्फा पेशीसाठी मोठा इशारा असतो. शेजारी बीटा पेशीच उरल्या नाहीत, तर थांबायला काही नसते आणि टोचलेले इन्सुलिन साखर घसरली म्हणून मागे हटत नाही.

यानंतर रुग्णाची भिस्त ॲड्रिनलिनवर राहते. घाम, थरथर, धडधड या त्याच्याच खुणा. साखर वारंवार घसरत राहिली तर ॲड्रिनलिनचा प्रतिसादही मंदावतो आणि रुग्णाला काहीच जाणवेनासे होते. काही आठवडे साखर कटाक्षाने घसरू न दिल्यास ही जाणीव बऱ्याच जणांत परत येते, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांतून दिसले आहे.

स्वादुपिंडाच्या दाहामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे मधुमेह झाला असेल तर चित्र वेगळे असते का?

होय. तेथे सगळी द्वीपकेच उद्ध्वस्त होतात, त्यामुळे इन्सुलिन, ग्लुकागॉन आणि पॅन्क्रिॲटिक पॉलिपेप्टाइड या तिन्हींचा प्रतिसाद खालावतो. जेवणानंतर पॅन्क्रिॲटिक पॉलिपेप्टाइड न वाढणे ही या प्रकाराची सूचक खूण मानली जाते, मात्र हे संप्रेरक व्हेगस चेतातंतूच्या आदेशावर चालते, म्हणून चेतातंतू बिघडलेल्या जुन्या मधुमेहातही ते दबलेले आढळते. केरळमध्ये विशेषत्वाने वर्णन झालेल्या, स्वादुपिंडात खडे होणाऱ्या मधुमेहात कीटोॲसिडोसिस सहसा होत नाही. थोडे शिल्लक इन्सुलिन आणि घटलेले ग्लुकागॉन ही त्याची कारणे सांगितली जातात.

सडपातळ भारतीयांना टाइप २ होतो. त्यांचे स्वादुपिंड कमकुवत असते का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आलेली ‘कृश-स्थूल’ भारतीयाची कल्पना येथे आठवावी. पुणे परिसरातील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचे ३.५ किलो. मात्र वजनाच्या मानाने आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी टिकून होती. दिसायला बारीक असणे म्हणजे इन्सुलिनला विरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे) नसणे, असा अर्थ त्यामुळे लावता येत नाही. दुसऱ्या बाजूने, भारतीय रुग्णांच्या अलीकडील वर्गीकरणांत इन्सुलिनचा तीव्र तुटवडा असलेला एक मोठा गट वेगळा निघतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप ५’ असे नाव दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. तेव्हा सडपातळ रुग्णात नेमके काय आहे हे अंगकाठीवरून ठरवू नये. सी-पेप्टाइड खरोखर उपयोगी पडते ते अशाच रुग्णात.

गोळ्यांनी स्वादुपिंड ‘पिळून’ निघते आणि लवकर थकते, हे खरे आहे का?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या पोटॅशियमची तीच दारे थेट बंद करतात, साखर कमी असली तरीही. म्हणून त्यांनी साखर घसरू शकते. जीएलपी-१ वर आधारित औषधे साखर वाढलेली असतानाच जोर लावतात. मेटफॉर्मिन बीटा पेशींना चेतवत नाही. थकव्याबद्दल सांगायचे तर यूकेपीडीएसमध्ये केवळ आहारावर असलेल्यांचीही कार्यक्षमता घटत गेली, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तथापि २००६ च्या अडॉप्ट अभ्यासात पाच वर्षांत एकट्या ग्लिबेनक्लेमाइड या सल्फोनिलयुरियावर ३४ टक्के रुग्णांचे नियंत्रण सुटले, तर मेटफॉर्मिनवर २१ टक्क्यांचे, हेही नजरेआड करता येत नाही.

जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत होणाऱ्या मधुमेहाच्या एका प्रकारात या दारांच्या जनुकातच दोष असतो. त्या बाळांच्या बीटा पेशी ग्लुकोजला दाद देत नाहीत, पण सल्फोनिलयुरियाला देतात. २००४ मध्ये हा दोष उमगल्यावर अशा अनेक मुलांचे इन्सुलिन थांबवून त्यांना गोळीवर आणता आले.

गेलेला प्रतिसाद परत येऊ शकतो का?

टाइप २ च्या सुरुवातीच्या वर्षांत, होय. न्यूकॅसल येथील रॉय टेलर यांच्या २०११ च्या लहानशा प्रयोगात, रोज ६०० कॅलरींच्या आहारावर ८ आठवड्यांनी ११ रुग्णांतील हरवलेली पहिली लाट परत आली आणि यकृत व स्वादुपिंडातील चरबी घटली. आजार जितका जुना, तितकी ही शक्यता कमी होते. हा आहार वैद्यकीय देखरेखीखालचा होता, तो घरी परस्पर करून पाहू नये. टाइप १ मध्ये प्रतिसाद परत आणण्यापेक्षा उरलेला टिकवण्यावर भर आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध प्रत्यक्ष आजार सुरू होणे लांबवते.

तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये उपाशीपोटीचे इन्सुलिन असते. ते करून घ्यावे का?

निदानासाठी त्याची गरज नाही आणि उपचारही त्यामुळे सहसा बदलत नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. तेच पैसे जेवणानंतरच्या सी-पेप्टाइडवर खर्च करावेत, तेही निदानाबद्दल शंका असेल तेव्हाच. नमुना देताना शेवटचे जेवण किती वाजता झाले, त्यात काय होते आणि सकाळी कोणते औषध घेतले, हे कागदावर लिहून अहवालाला टाचावे. त्याच नळीतील साखरही मोजायला सांगावी.